कार्यालयातील नेटवर्क प्रिंटर सोमवारी किंवा वीज गेल्यानंतर ‘ऑफलाइन’ का दिसतो आणि तो कायमचा कसा दुरुस्त करावा?

आपण लिहिले आहे की कार्यालयात आठ संगणक आणि राउटरला केबलने जोडलेला एक लेझर प्रिंटर आहे, अधूनमधून सोमवारी सकाळी किंवा वीज जाऊन आल्यावर तो काही संगणकांवर ‘ऑफलाइन’ दिसतो आणि काहींवर मात्र चालतो, आणि ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकला की काही दिवस सगळे सुरळीत होते. लहान कार्यालयांची नेटवर्क सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि या वर्णनावरून माझा संशय ड्रायव्हरवर अजिबात जात नाही. आपला प्रिंटर पत्ता बदलतो आहे, आणि काही संगणक त्याला अजून जुन्याच पत्त्यावर शोधत आहेत.

राउटर नेटवर्कवरील प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला शोधण्याचा क्रमांक, देतो, परंतु तो ठरावीक मुदतीसाठी असतो. अनेक राउटरांमध्ये ही मुदत २४ तासांची असते. शनिवारी संध्याकाळी बंद केलेला प्रिंटर सोमवारी सकाळी सुरू होईपर्यंत ती मुदत संपलेली असते, आणि दरम्यान कुणाचा मोबाइल वायफायला जोडला गेला तर प्रिंटरचा १९२.१६८.१.२५ हा पत्ता त्या मोबाइलला मिळू शकतो. मग प्रिंटर येतो, त्याला १९२.१६८.१.३१ मिळतो, आणि विंडोजच्या नोंदीत मात्र २५ हाच आकडा राहतो. पत्ता मोकळा असेल तर राउटर शक्यतो जुनाच परत देतो, म्हणून हा घोळ दर सोमवारी न होता लहर लागल्यासारखा होतो. वीज गेल्यावर होण्याचे कारण असे की अनेक स्वस्त राउटर पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीतच ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते आणि वाटप नव्याने सुरू होते.

आता ड्रायव्हर पुन्हा टाकल्यावर प्रिंटर का चालू होतो, हे पाहू. ड्रायव्हर टाकताना विंडोज प्रिंटर नव्याने शोधते आणि त्याच्या आजच्या पत्त्याचा नवा ‘पोर्ट’, म्हणजे छपाई कुठे पाठवायची याची नोंद, तयार करते. काम होते ते त्या पोर्टमुळे, श्रेय मात्र ड्रायव्हरला मिळते. काही संगणकांवर प्रिंटर न बिघडता चालतो त्याचे कारणही पोर्टमध्येच असावे. ज्या संगणकांवर प्रिंटर ‘डब्ल्यूएसडी’ प्रकारच्या पोर्टने जोडला गेला आहे, ते पत्ता लक्षात ठेवण्याऐवजी प्रिंटरला त्याच्या ओळखीवरून नेटवर्कवर शोधतात, त्यामुळे पत्ता बदलला तरी त्यांचे सहसा अडत नाही. हा प्रकार ऐकायला छान वाटतो. तथापि प्रिंटर झोपेतून उठल्यावर किंवा वायफायवरून शोध घेताना तो अनेकदा दगा देतो, म्हणून कार्यालयात मी तो वापरत नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पडताळणी पाच मिनिटांची आहे. पुढच्या वेळी ‘ऑफलाइन’ दिसताच संगणकाला हात न लावता प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून ‘कॉन्फिगरेशन पेज’ छापावे. हे पान छापले गेले म्हणजे कागद, टोनर आणि छपाईचे यंत्र ठीक आहे, हे आपोआप सिद्ध होते. त्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा, न बदलणारा ओळख क्रमांक) दिलेला असतो. मग अडलेल्या संगणकावर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ हा भाग उघडून खूण केलेल्या पोर्टसमोरील पत्ता पाहावा. दोन आकडे वेगळे असतील तर निदान झाले. पानावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र गोष्ट निराळी आहे: प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, आणि अशा वेळी केबल, तिची खटक्याची पिन आणि जोडणीजवळचा लहान दिवा तपासावा.

येथे एक इशारा देतो, कारण मी स्वतः फसलो आहे. एका पतसंस्थेत मार्चअखेरच्या गडबडीत प्रिंटर दहा मिनिटे चाले आणि दहा मिनिटे बंद पडे. मी प्रिंटरच्या पत्त्यावर ‘पिंग’ केले, म्हणजे तेथून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा दिली, व्यवस्थित उत्तर आले, आणि नेटवर्क ठीक आहे असे समजून अर्धा दिवस संगणकाशी झटत बसलो. शेवटी प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला, तेव्हा प्रिंटरच्या पानाऐवजी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचे लॉगिन पान उघडले. कॅमेरे बसवणाऱ्याने रेकॉर्डरला नेमका तोच पत्ता कायमचा देऊन ठेवला होता आणि दोघे आळीपाळीने उत्तर देत होते. म्हणून ‘पिंग’ला उत्तर येणे पुरेसे समजू नये, ते कोण देत आहे हे पाहावे. त्यासाठी प्रिंटरचे स्वतःचे वेबपान ब्राउझरमध्ये उघडणे हा सोपा मार्ग आहे. कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणते उपकरण आहे हे दाखवणाऱ्या ‘एआरपी’ आज्ञेने दिसणारा मॅक पत्ता छापील पानावरच्या पत्त्याशी जुळवणे हा पक्का मार्ग आहे.

उपाय असा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ ही सोय असते. तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता टाकून त्याच्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. प्रिंटरमध्येच कायमचा पत्ता भरण्याचाही पर्याय आहे, परंतु तो पत्ता राउटर ज्या आकड्यांतून वाटप करतो त्यांच्या बाहेरचा असला पाहिजे. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्यावा. मी पहिल्या मार्गाला पसंती देतो. इंटरनेट पुरवणारा माणूस एखाद्या दिवशी राउटर बदलून जातो आणि नव्या राउटरचे पत्ते १९२.१६८.०ने सुरू होतात, तेव्हा कायमचा पत्ता भरलेला प्रिंटर कुणालाच सापडत नाही. राखीव पत्त्याची नोंदही अर्थात जुन्या राउटरबरोबर जाते, पण तेव्हा प्रिंटर निदान नव्या नेटवर्कवर येतो आणि त्याचा नवा पत्ता छापील पानावर वाचता येतो. राखीव पत्ता कागदावर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवून ठेवावा.

त्यानंतर आठही संगणकांवर ‘अ‍ॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून तो पत्ता भरावा. पद्धत ‘रॉ’ आणि क्रमांक ९१०० ठेवावा; बहुतेक कार्यालयीन लेझर प्रिंटर यावर ऐकतात. ड्रायव्हर तोच राहू द्यावा. त्याच खिडकीत ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी एक चौकट असते. विंडोज तिच्या आधारे प्रिंटरची खुशाली विचारते, आणि प्रिंटरने त्या विशिष्ट प्रश्नाला उत्तर दिले नाही तर छपाई होऊ शकत असूनही त्याला ‘ऑफलाइन’ ठरवते. पत्ता बरोबर असूनही ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर ही खूण काढावी.

पत्ता चुकीचा असताना पाठवलेली कामे रांगेत अडकून राहतात आणि कधीकधी ‘डिलीटिंग’ असे दाखवत तासन्‌तास हटत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मधून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवावा, विंडोजच्या ‘सिस्टम३२’मधील ‘स्पूल’ आणि त्यातील ‘प्रिंटर्स’ या फोल्डरमधील फाइली पुसाव्यात (फोल्डर पुसू नये), आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. त्या संगणकाची रांगेतील सर्वच कामे यात जातात, म्हणून आधी सहकाऱ्यांना विचारावे.

आपला एखादा संगणक प्रिंटरला थेट न जोडता शेजारच्या संगणकाच्या ‘शेअरिंग’मधून छापत असेल तर तो शेजारचा संगणक बंद किंवा झोपेत असतानाही हेच लक्षण दिसते. शिवाय २०२१ साली उघड झालेल्या विंडोजच्या छपाई-व्यवस्थेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ या सुरक्षा-त्रुटीनंतर मायक्रोसॉफ्टने या मार्गावर बरेच निर्बंध घातले. ऑगस्ट २०२१पासून अशा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेकांना ‘११बी’ने संपणारा त्रुटी क्रमांक दिसू लागला. त्यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत, एक शून्य भरण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो चालतो, पण त्याने सुरक्षेची तपासणीच बंद होते. प्रिंटर नेटवर्कवर आहेच, तर प्रत्येक संगणक थेट त्याच्या पत्त्यावर जोडावा.

दोन किरकोळ गोष्टी. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर त्याला प्रिंटर दिसणार नाही, आणि तसे दिसू नये हाच त्या सोयीचा हेतू आहे. दुसरे, फाइल गेली, दिवा लुकलुकतो आणि कागद येत नाही असे झाले तर कागदाचा आकार पाहावा. अनेक फाइली अमेरिकेतल्या ‘लेटर’ आकारात, म्हणजे २१६ × २७९ मिलिमीटरमध्ये, तयार झालेल्या असतात आणि ए४ कागद भरलेला प्रिंटर दुसऱ्या कागदाची वाट पाहत थांबतो. दोष मात्र नेटवर्कला दिला जातो.

सर्व जोडणी झाल्यावर पुढच्या सोमवारची वाट पाहू नये. सुट्टीनंतर घडते ते मुद्दाम घडवून आणावे: प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करावेत, आधी राउटर सुरू करून दोन-तीन मोबाइल वायफायला जोडावेत आणि मग प्रिंटर लावावा. छापील पानावर राखीव पत्ताच आला आणि आठही संगणकांवरून एकेक पान निघाले तर काम झाले. पत्ता तोच असूनही एखादा संगणक अडला, तर त्याच्या ‘पोर्ट्स’ भागात दिसणारा मजकूर आणि तो वायफायवर आहे की केबलवर, एवढे येथे लिहावे.