आफ्रिकेतील ‘कम्युनिटी हेल्थ क्लब’मुळे गावांची स्वच्छता खरोखर सुधारते का?

आफ्रिकेतील काही देशांत गावोगावी आरोग्य मंडळे स्थापन करून स्वच्छतेचा प्रसार केला जातो. त्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो की हाही कागदावरचाच कार्यक्रम आहे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, उपयोग होतो, परंतु मंडळ सहा महिने नेमाने भरले तरच. ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छतेच्या कामात असल्याने या प्रयोगाविषयी मी बरीच वर्षे वाचत आलो आहे.

याची सुरुवात 1990च्या दशकात झिंबाब्वेत झाली. ज्युलिएट वॉटरकीन यांनी ‘झिंबाब्वे अहेड’ या संस्थेमार्फत ही पद्धत बसवली. गावातील पन्नास ते शंभर जण, त्यांतही बहुतांश स्त्रिया, आठवड्यातून एकदा झाडाखाली किंवा शाळेत जमतात आणि प्रत्येक बैठकीत एकच विषय घेतात: हगवण, जंत, हिवताप, पिण्याच्या पाण्याची साठवण, खरूज. प्रत्येक सभासदाकडे एक कार्ड असते, त्यावर वीस-बावीस विषय छापलेले असतात आणि हजेरी लावल्यावर त्या त्या विषयापुढे सही मिळते. प्रत्येक बैठकीनंतर घरी करायचे एक लहानसे काम ठरते. भांडी उन्हात वाळवण्यासाठी लाकडी मांडव बांधायचा, कचऱ्याचा खड्डा खणायचा, माठातील पाणी काढण्यासाठी दांड्याचा डाव ठेवायचा, अशी ही कामे असतात. जेवणापूर्वी सर्वांनी एकाच परातीतील पाण्यात हात बुडवण्याची तिकडे जुनी रीत आहे. तिच्याऐवजी हातांवर वरून पाणी ओतायचे, हेही त्यांतच येते. सर्व बैठका पूर्ण करणाऱ्यांना गावासमोर समारंभपूर्वक प्रमाणपत्र दिले जाते.

यात नवे असे ज्ञान फारसे नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. आम्ही घेत असलेल्या एकदिवसीय शिबिरांतही हात कधी धुवावेत हे जवळजवळ प्रत्येकाला आधीच ठाऊक असे. शिबिर आटोपले की सतरंज्या गुंडाळल्या जात आणि गाव पूर्ववत होई. मंडळात मात्र दर आठवड्याला त्याच बायकांपुढे बसायचे असते, त्या एकमेकींच्या घरी जाऊन पाहतात आणि शेजारणीकडे भांड्यांचा मांडव उभा राहिला की आपल्या अंगणात तो नसल्याची रुखरुख लागते. उघड्यावर शौचाला जाणाऱ्यांना अडवण्यासाठी पहाटे गावाबाहेर उभी राहणारी आपल्याकडची गुड मॉर्निंग पथके ज्यांना आठवतात, त्यांना या दोन मार्गांतला फरक सांगावा लागणार नाही. बचत गटांशीही तुलना सुचते, पण क्रम उलटा आहे: आपल्याकडे आधी पैशांसाठी बायका एकत्र आल्या आणि मग इतर विषय आले, तर तिकडे आधी आरोग्य आणि नंतर परसबाग व उत्पन्नाची साधने.

या पद्धतीचे आकडे 2005 साली वॉटरकीन आणि सँडी केर्नक्रॉस या संशोधकांनी प्रसिद्ध केले. पूर्वेकडील माकोनी जिल्ह्यात 265 मंडळे आणि सुमारे साडेअकरा हजार सभासद होते, आणि तिथे दोन वर्षांत 2400 शौचालये बांधली गेली. पश्चिमेकडील कोरड्या त्शोलोत्शो जिल्ह्यात मंडळांच्या भागात शौचालयांचे प्रमाण 43 टक्क्यांवर पोहोचले, तर तुलनेसाठी घेतलेल्या भागात ते 2 टक्केच होते. मला त्याहून बोलकी वाटते ती पुढची नोंद: ज्यांचे शौचालय अद्याप झाले नव्हते, ते सभासद मांजर करते तसे विष्ठा मातीत पुरू लागले होते. सिमेंट मिळेपर्यंत थांबायचे नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवले, असा मी त्याचा अर्थ लावतो. अर्थात, मंडळात स्वतःहून आलेले लोक मुळातच उत्साही असणार, ही शंका या आकड्यांवर घेता येते आणि ती रास्त आहे.

ती शंका दूर करू शकणारी चाचणी रवांडात झाली. तेथील सरकारने देशातील सुमारे 15 हजार गावांत अशी मंडळे काढण्याचे ठरवले आणि रुसिझी जिल्ह्यातील 150 गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागण्यात आली: एका गटात वीस बैठकांचा पूर्ण अभ्यासक्रम, दुसऱ्यात आठ बैठकांचा संक्षिप्त आणि तिसऱ्यात काहीच नाही. 2017 साली निष्कर्ष आले तेव्हा पाच वर्षांखालील मुलांमधील अतिसाराचे प्रमाण तिन्ही गटांत 14 टक्केच होते. पूर्ण अभ्यासक्रमाच्या गावांत पाणी शुद्ध करून पिणे आणि शौचालयांची स्थिती यांत थोडी सुधारणा दिसली, इतकेच. मंडळांच्या पुरस्कर्त्यांनी, अंमलबजावणी घाईची व अपुरी होती, असा आक्षेप घेतला. हरलेल्या बाजूचे असे आक्षेप मी सहसा गंभीरपणे घेत नाही, परंतु इथे ते पटतात. कारण ज्या गोष्टीची सारी ताकद नेमाच्या भेटींत आहे, ती सरकारी उद्दिष्ट म्हणून हजारो गावांत एकदम उतरवली की कार्डे छापली जातात आणि बैठका गळतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. झिंबाब्वेतील चिरुमांझू आणि शुरुग्वी या जिल्ह्यांत झालेल्या आणि 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका वेगळ्या मोठ्या चाचणीत कुटुंबांना शौचालय, हात धुण्याची सोय, साबण आणि क्लोरीन हे सारे पुरवूनही लहान मुलांचा अतिसार कमी झाला नव्हता. तेव्हा अतिसाराच्या एकाच आकड्यावरून मंडळे निकामी ठरवणे मला योग्य वाटत नाही. कोंबड्या-शेळ्या वावरणाऱ्या अंगणात रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जंतू जाण्याच्या वाटा अनेक आहेत. एखाद्या मंडळाचा अहवाल आपल्या हाती आला, तर किती शौचालये झाली हे पाहण्याआधी किती सभासदांच्या कार्डावर शेवटची सही आहे ते पाहावे.