मुन्सियारीला निघण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र आणि त्यासोबतचा उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या सहलीचा बारा दिवसांचा तक्ता मिळाला. नैनीताल, अल्मोडा, कौसानी, चौकोडी, मुन्सियारी आणि परतताना बिनसर, अशी सहा ठिकाणे तू त्यात बसवली आहेस. पत्रात मात्र तू लिहितोस की, तुला एखाद्या शांत पहाडी गावात काही दिवस नुसते राहायचे आहे. या दोन गोष्टी एकत्र जमणार नाहीत. पत्रातली इच्छा खरी असेल, तर चौकोडी वाटेतल्या मुक्कामापुरती ठेवून बाकीची चार नावे खोड, राहायला फक्त मुन्सियारी ठेव, आणि तिथेही बाजारपेठेत न उतरता लगतच्या सरमोली गावात एखाद्या घरी उतर. तिथल्या बायकांनी आपापल्या घरांतून पाहुण्यांची सोय करण्याचा उद्योग नेटाने उभा केला आहे, आणि २०२३ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने या गावाचा देशातले सर्वोत्तम पर्यटनग्राम म्हणून गौरवही केला.

अंतराचा हिशेब नीट समजून घे. रेल्वे काठगोदामला संपते. तिथून मुन्सियारी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि आपल्या महामार्गाच्या हिशेबाने तू हे पाच तासांचे काम धरले आहेस. प्रत्यक्षात सगळा घाटरस्ता असल्याने दहा-बारा तास सहज लागतात. म्हणून हा प्रवास दोन दिवसांत कर. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस पकडलीस की पहाटे काठगोदामला उतरशील. त्या दिवशी चौकोडीला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी थल, बिर्थीचा धबधबा, कालामुनीची खिंड असे करत दुपारपर्यंत पोहोचावे. तुला गाडी लागते हे मला ठाऊक आहे, तेव्हा पुढची जागा माग आणि सुंठ-साखर खिशात ठेव. कालामुनीच्या देवळापाशी गाडी थांबवायला सांग. वळण ओलांडताच पंचचुलीची पाच शिखरे एकदम समोर येतात, आणि हे दृश्य धावत्या गाडीच्या काचेतून पाहण्याचे नव्हे.

परतीच्या बाजूला एक दिवस पूर्ण मोकळा सोड. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तो सोडला नव्हता. थलच्या अलीकडे दरड कोसळली, आम्ही सात तास रस्त्यावर बसून राहिलो, काठगोदामची गाडी गेली आणि पुढची सगळी आरक्षणे वाया गेली. त्या सात तासांत एका म्हातारीने आम्हा चौघांना घरी नेऊन भात आणि भटाची, म्हणजे तिकडच्या काळ्या सोयाबीनची, आमटी वाढली, ती चव अजून जिभेवर आहे. पण गाडी चुकण्याची धास्ती मनात असल्यामुळे तिच्याशी धड दोन शब्द बोलणेही मला जमले नाही, याची खंत वाटते. मोकळा दिवस वापरावा लागला नाहीच, तर तो अल्मोड्यात घालव.

काळ म्हणशील तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा मध्य. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचे भय असते, मे महिन्यात वणव्यांच्या धुराने शिखरे अनेकदा झाकोळून जातात, आणि भर थंडीत कालामुनीचा रस्ता बर्फाने बंद होऊ शकतो. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची मंडळीही मोठ्या संख्येने कुमाऊंत असतात, तेव्हा दिवाळीचा आठवडा टाळता आला तर बरे.

उंचीबद्दल फाजील आत्मविश्वास नको. सह्याद्रीतले आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे, आणि मुन्सियारी गावच मुळी सुमारे २,२०० मीटरवर आहे. गावावरचा खलिया टॉप हा माथा साडेतीन हजारांच्या घरात जातो. म्हणून पहिल्या दिवशी काहीही करू नकोस, दुसऱ्या दिवशी मेसर कुंडापर्यंत किंवा लोकरीच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या दरकोटपर्यंत जा, आणि खलियाची चढाई तिसऱ्या दिवशी ठेव. वाटेत डोके ठणकू लागले, मळमळले, तर तिथूनच माघारी फिर. राजगडावर तू दोनदा चढलास, हा मुद्दा तिथे कामाचा नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मात्र घराच्या अंगणातच राहा. पंचचुली गावाच्या पूर्वेला असल्यामुळे मावळतीचे ऊन थेट तिच्या अंगावर पडते. खाली गोरी नदीचे खोरे आधीच निळसर अंधारात बुडालेले असते, आणि वर पाचही शिखरे आधी पिवळी, मग केशरी, मग फिकट गुलाबी होत जातात. सर्वांत उंच शिखर ६,९०४ मीटरचे, त्याच्या टोकावर शेवटचा ठिपका उरतो आणि तोही विझतो. पांडवांनी स्वर्गारोहणापूर्वी इथे पाच चुलींवर शेवटचा स्वयंपाक केला, अशी लोककथा आहे. पंचचुली या नावात आपली चूलच आहे, हे मला फार जवळचे वाटते.

ताटातही ओळखीचे बरेच भेटेल. मडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे आपले कुळीथ. तिथला राजमा तर नावाजलेलाच आहे. जे शिजले असेल ते खावे, वेगळी फर्माईश करू नये. आंघोळीचे गरम पाणी रोज मागू नकोस, कारण ते बहुधा सरपणावर तापते, आणि ते सरपण ज्या जंगलातून येते ते गावाची वनपंचायत राखते. कुमाऊंत ही व्यवस्था १९३१ पासून चालत आली आहे. घरच्या बाईंना दीदी म्हण, थोरल्या पुरुषाला दाज्यू. फोटो काढण्यापूर्वी विचार. प्लास्टिक परत आण. पुरेशी रोकड जवळ ठेव.

जाण्यापूर्वी पंडित नैनसिंग रावत यांच्याविषयी जरूर वाच. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी तिबेटची मोजणी करणारे ते, मुन्सियारीच्या वरच्या जोहार खोऱ्यातले. १८६५-६६ साली वेष पालटून ते ल्हासापर्यंत पोहोचले. मोजणीच्या सोयीसाठी १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ हातात धरून त्यांनी पावलांवर सगळे अंतर मोजले. त्यांच्या शौका समाजाचा तिबेटशी चालणारा व्यापार १९६२ च्या युद्धानंतर बंद पडला, आणि तो काळ घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माणसे सरमोलीत आजही भेटतील. त्यांच्यापाशी बसायला वेळ लागतो, आणि म्हणूनच मी तिथे चार रात्री राहण्याचा आग्रह धरतो आहे.

सुधारलेला तक्ता तिकिटे काढण्यापूर्वी मला पाठव. त्यात चौकोडी जाता-येता एकेक रात्र, सरमोली चार रात्री आणि परतीचा एक दिवस कोरा, एवढेच दिसले पाहिजे.

तुझा,
एक जुना वाटसरू