जुनी कॅम्परव्हॅन: बचत मोडावी का, कर्ज काढावं का?

प्रश्न: आम्ही दोघं आणि ९ वर्षांचा मुलगा. एकाची नोकरी कायम, दुसऱ्याचं काम कंत्राटी. हाताशी १४ महिन्यांच्या घरखर्चाएवढी बचत आहे. १२ वर्षांची, ८६,००० किलोमीटर चाललेली कॅम्परव्हॅन पसंत पडली आहे. किंमत ९ महिन्यांच्या घरखर्चाएवढी. सोलर, लिथियम बॅटरी आणि मोठा इन्व्हर्टर बसवायला आणखी अडीच महिन्यांच्या खर्चाएवढं वैयक्तिक कर्ज काढायचा विचार आहे. वर्षाला २० रात्री तरी वापरू, तेवढे हॉटेलचे पैसे वाचतील. घ्यावी का?

उत्तर: घ्या, पण या किमतीला नको. आणि कर्ज काढून तर नकोच.

आकडे महिन्यांच्या खर्चात दिलेत ते बरं केलंत, हिशेबही तसाच करू. एक उत्पन्न कंत्राटी असताना ६ महिन्यांचा खर्च बाजूला हवा, त्याला हात लावायचा नाही. उरले ८. या ८ मध्ये गाडीची किंमत आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती, दोन्ही बसायला हवं. १२ वर्षांच्या गाडीला दुरुस्तीसाठी किमतीच्या २० टक्के धरा. म्हणजे आजच्या किमतीत ९ अधिक १.८, एकूण १०.८, हाती राहतात ३.२ महिने, आणि वर कर्जाचा हप्ता. तुमची खरी मर्यादा साडेसहा महिन्यांच्या खर्चाची आहे: साडेसहा अधिक १.३, म्हणजे ७.८.

आता हॉटेलच्या बचतीचं. तुलना हॉटेलशी नको, तशीच गाडी भाड्याने घेण्याशी करा. कारण इंधन, गॅस, मुक्कामाच्या जागेचं भाडं दोन्हीकडे सारखंच. ९ ला घेतलेली गाडी ५ वर्षांनी ६ ला विकली गेली असं धरलं तर घसारा वर्षाला ०.६. विमा, कर, उभी करायची जागा मिळून ०.५. नेहमीची देखभाल ०.६. ठेवीवर मिळालं असतं ते व्याज ०.५. बेरीज २.२ महिने, म्हणजे ६६ दिवसांचा घरखर्च. भाड्याच्या गाडीची एक रात्र अडीच दिवसांच्या घरखर्चाएवढी पडत असेल, तर स्वतःची गाडी २६ रात्रींनंतर परवडू लागते. साडेसहाला घेतली तर घसारा आणि व्याज कमी होऊन हा आकडा २२ च्या आसपास येतो. तुमच्या भागातलं भाडं आणि विमा घालून हे गणित पुन्हा मांडा. २० रात्रींत बचत होणार नाही, फार तर बरोबरी होईल. हौस म्हणून घेत असाल तर तसं उघड म्हणा, त्यात काही वाईट नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. हप्ता मात्र असतो.

ते २० टक्के कुठे जातात? सगळ्यात आधी टायर. टायरच्या बाजूवर कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा; २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ६-७ वर्षं उलटली असतील तर नक्षी नवी दिसली तरी टायर बदलायचे. या गाड्या पूर्ण वजनानिशी महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असतात, त्यामुळे टायर झिजायच्या आधी बाजूने तडकतात. दुसरा टायमिंग बेल्ट. १२ वर्षांत ८६,००० म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास, आणि विकणारा हेच कौतुकाने सांगणार. पण बेल्ट किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी संपेल त्यावर बदलायचा असतो. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तो तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्ती बेल्टच्या कितीतरी पट महाग पडते. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप त्याच खोलकामात बदलून घ्या. इंजिनला चेन असेल तर हा खर्च वाचला.

टायर-बेल्टचा खर्च आधी कळतो आणि भावात वळता करता येतो. ओलीचं तसं नाही, म्हणून व्यवहार मोडायचाच झाला तर तो ओलीवरून मोडा. बांधीव बॉडीच्या, म्हणजे चासिसवर वेगळी खोली बांधलेल्या गाडीत भिंत थरांची असते: बाहेर पातळ पत्रा किंवा फायबर, मध्ये लाकडी चौकट आणि इन्सुलेशन, आत प्लाय. सांध्यांतलं सीलंट वर्षांनुवर्षं उन्हात सुकतं, पाणी स्क्रूच्या भोकांतून चौकटीत उतरतं आणि आतल्या प्लायवर डाग उमटेपर्यंत चौकट कुजलेली असते. मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं उपकरण) लावून बघा. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० ला लक्ष ठेवायचं, २० च्या वर पाणी कुठून येतंय ते सापडलंच पाहिजे, आणि ३० च्या वर लाकूड गेलं असं समजा. जागा ठरलेल्या आहेत: छताचे कोपरे, स्कायलाइटची चौकट, खिडक्यांचे खालचे कोने, वरच्या कपाटांची मागची बाजू, मागच्या दिव्यांभोवती, दाराजवळची फरशी, शॉवरचा तळ. अंगठ्याने दाबून बघा, पृष्ठभाग दबला की प्रश्न संपला. एकाच कोपऱ्यात नवा वॉलपेपर असेल किंवा गाडीत सुगंधी फवाऱ्याचा भपका असेल तर मीटर तिथेच आधी टेकवा. गाडी बघायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. भिंत उघडून चौकट बदलायची मजुरी २० टक्क्यांत बसत नाही, म्हणून इथे घासाघीस न करता निघून यायचं. पत्र्याच्या व्हॅनमध्ये पाणी इन्सुलेशनमागे दवासारखं साचतं आणि लाकडाऐवजी पत्रा खातं. तिथे चाकांच्या कमानी, दारांचे उंबरठे आणि जॅक लावायच्या जागा खालून तपासा.

गॅसची तपासणी जाणकाराकडून दाबाची चाचणी घेऊनच. नळीवरची तारीख, रेग्युलेटरचं वय बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून तळातलं व्हेंट (हवेची जाळी) उघडं हवं. गार वारा येतो म्हणून ते बंद करणारे महाभाग असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आधी तो.

मुलासाठी एक गोष्ट: पलंग चार म्हणजे सीटबेल्टच्या जागा चार नव्हेत. पट्टा असलेल्या, पुढे तोंड करून बसायच्या किती जागा आहेत ते मोजा आणि नोंदणीच्या कागदाशी ताडून बघा.

आता कर्जाचा मुद्दा. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने १२ व्होल्टवर १६७ अँपिअर खेचतो, तूट धरून १८५ च्या घरात. लीड-अॅसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची असते, नाहीतर ती लवकर मरते. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीचे ५० हाती येतात आणि या ओढीपुढे ते पाव तासही टिकत नाहीत. म्हणून लिथियम आली. लिथियम अल्टरनेटरकडून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राकडून) भसाभसा करंट घेते, म्हणून त्याला आवर घालणारा डीसी-डीसी चार्जर आला. मग जाड केबल आली, बॅटरीलगत मोठा फ्यूज आला. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणजे थंड मुलुखात हीटरवाली घ्या. तीन वस्तूंसाठी काढलेलं कर्ज सहा वस्तूंवर जातं.

शिवाय वजन. पाटीवर कमाल ३५०० किलो आणि रिकामी गाडी ३०५० असेल तर हाती ४५०. तुम्ही तिघं १९०, पाण्याची टाकी भरून १००, गॅसच्या टाक्या ३०, ताडपत्रीचा मांडव ३०. उरलेल्या १०० मध्ये कपडे, भांडी, अंथरुणं, सायकली. गाडी मर्यादेबाहेर गेली तर ब्रेक आणि टायरवर ताण येतोच, विम्याचा दावाही अडकू शकतो. वजनकाट्यावर भरलेली गाडी न्या, दोन्ही आसांचं वजन वेगवेगळं घ्या.

विसार देण्याआधी तशाच मापाची गाडी चार रात्री भाड्याने घेऊन राहून बघा. विमा कंपनीला आतल्या बदलांसह गाडीचं वर्णन पाठवून लेखी होकार घ्या. चासिस नंबर कागदाशी जुळवा, गाडीवर जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा नाही याची खात्री करा. आणि विसाराच्या पावतीवरच लिहून घ्या: ओल, गॅस किंवा इंजिनच्या तपासणीत दोष निघाल्यास विसार पूर्ण परत. विकणारा याला तयार नसेल तर तपासणीत काय निघेल हे त्याला ठाऊक आहे.

विजेचं काम एक वर्ष पुढे ढकला. कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३५ ते ४५ अँपिअर-तास खातो. दिवे, पंप, पंखा, फोन मिळून आणखी २०. छतावर आडवं बसवलेलं १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात जेमतेम २५ ते ३० परत देतं. जवळपास रोज गाडी चालवणार असाल तर आहे ती बॅटरी कदाचित पुरेल. शंटवाला (येणारा-जाणारा करंट मोजणारा) बॅटरी मॉनिटर लावा, प्रत्येक मुक्कामात किती खर्च झाला आणि किती भरलं ते लिहून ठेवा, आणि वर्षाअखेरीस त्या आकड्यांवरून पॅनल आणि बॅटरीचं माप ठरवून बचतीतूनच घ्या.