प्रश्न तुमचे, उत्तर आमचे : घरी बनवलेली साफसफाईची द्रावणे

प्रश्न : व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवले. मिसळताना भरपूर फेस आला, पण आता त्याने डाग निघत नाहीत. असे का?

उत्तर : बाटलीत आता ना धड व्हिनेगर उरले आहे, ना सोडा. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघे एकमेकांना मारतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी राहते. फेस म्हणजे निसटून गेलेला कार्बन डायऑक्साइड. ५ टक्क्यांचे २०० मिली व्हिनेगर निकामी करायला १४ ग्रॅम, म्हणजे साधारण एक टेबलस्पून सोडा पुरतो. फेस येत असताना झाकण घट्ट लावले, तर बाटली फुटूही शकते.

दोन्ही वस्तू गुणाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वापरा. आधी मळ कशाचा आहे ते ओळखा. नळावरचे पांढरे क्षार आम्लानेच सुटतात. तेलकट चिकट्याला मात्र अल्कली हवी, आणि तिथे खाण्याच्या सोड्यापेक्षा धुण्याचा सोडा कितीतरी जोरकस आहे. १ लिटर गरम पाण्यात एक टेबलस्पून विरघळवा, हातमोजे घाला, चिकट्यावर लावून १० मिनिटे थांबा आणि ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. ॲल्युमिनियमला हे पाणी लावू नका, ते काळवंडते. भांड्याच्या तळाला करपलेले खरवडायला खाण्याचा सोडाच चांगला : ३ भाग सोडा, १ भाग पाणी, अशी दाटसर पेस्ट.

प्रश्न : किटलीतला पांढरा थर व्हिनेगरने निघतो, पण वास राहतो. दुसरे काही?

उत्तर : सायट्रिक आम्ल. १ लिटर गरम पाण्यात १५ ग्रॅम घालून अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा खळबळून घ्या. खळखळ उकळत ठेवू नका. उष्णतेत कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा साका बसू शकतो आणि तो काढणे जास्त कठीण.

व्हिनेगर असो, लिंबू असो वा सायट्रिक आम्ल, संगमरवरावर थेंबही नको. तिथे पडणारा निस्तेज ठिपका हा डाग नसतो. दगडच तेवढा विरघळलेला असतो. पुन्हा पॉलिश करण्यावाचून तो जात नाही.

प्रश्न : रिठ्याचे पाणी तीन-चार दिवसांत आंबते. कसे टिकवावे?

उत्तर : ते टिकणारे नाहीच. त्यात साखरेचा आणि इतर वनस्पतिजन्य अंश असतो, त्यावर जंतू वाढतात. म्हणून थोडे करा. बिया काढून ५० ग्रॅम टरफले १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, मंद आचेवर २० मिनिटे उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. भांडे मोठे घ्या, फेस उतू जातो. आठवड्याचे पाणी फ्रीजमध्ये ठेवा, उरलेले बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. आंबूस वास किंवा बुळबुळीत तार दिसली की फेकून द्या. डोळ्यांत गेल्यास फार झोंबते.

प्रश्न : द्रव साबणात व्हिनेगर घातले, तर ते दुधासारखे फाटले.

उत्तर : आम्लाने साबणाचे पुन्हा मेदाम्ल होते, त्याच्या या गुठळ्या. ते मिश्रण वाचवता येत नाही. आधी साबणाने धुवा, पाणी फिरवा, मग व्हिनेगर.

प्रश्न : लिंबाच्या सालींचे बायो-एन्झाइम (साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेले सफाईचे द्रावण) करताना वर पांढरी साय आली. खराब झाले का? आणि ते टाकल्यावर शौचालयात ब्लीच वापरले तर चालेल?

उत्तर : पांढरी पातळ साय बहुधा यीस्टची असते; ढवळून पुढे चालू ठेवा. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी आली, तर सगळे टाकून द्या. प्रमाण वजनाने १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी. प्लास्टिकची बाटली, वर पाव भाग रिकामी. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा. तीन महिन्यांनी गाळा.

ब्लीच मात्र अजिबात नको. हे द्रावण आंबट असते, आणि कोणतेही आम्ल ब्लीचला भेटले की क्लोरीन वायू सुटतो. त्याने घसा आणि फुप्फुसे भाजल्यासारखी होतात. चुकून मिसळलेच, तर पुसायला थांबू नका : बाहेर पडा, निघताना जमल्यास खिडकी उघडा आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत कोणाला जाऊ देऊ नका. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.