आधी अख्खं पत्र वाच

बाळ,

सलाम. तुझा मेसेज वाचला. बायबलच्या नव्या करारातल्या दोन पत्रांतली वचनं, पौलाच्या पत्रातलं रोमकरांस ३:२८ आणि याकोबाच्या पत्रातलं याकोब २:२४, एकाखाली एक टाकून विचारतोस, काका, दोघांतला एक चुकतोय ना? पौल म्हणतो माणूस कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नाही. मग तारण, म्हणजे पापातून सुटका, कशाने?

सांगतो. पण ही पत्रं पहिल्या ओळीपासून शेवटच्या सलामापर्यंत एका बैठकीत तू कधी वाचलीस? नाहीच. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे पडले १५५१ साली, एस्तिएन नावाच्या छापखानेवाल्याच्या हातून. तोवर दीड हजार वर्षं लोक पत्रच वाचत होते. घरी आलेल्या पत्रातली चौथी ओळ कापून कोणी भिंतीवर लावतं का?

गलतीकरांसचं पत्र घे. पौल इतर मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना, लिहितो तेव्हा बहुधा आधी देवाचे आभार मानतो. इथे आभार नाहीत, थेट राग. का? विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी यहुदी नियमाप्रमाणे सुंता करून घ्यावी असा कोणी आग्रह धरलाय. अंत्युखिया शहरात तर केफा, म्हणजे येशूचा शिष्य, आपला पेत्र, विदेश्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा पंगतीतून बाजूला झाला. पौलाने तोंडावर सुनावलं. त्याच्या 'कर्मां'मागे हे भांडण आहे. आणि तोच पुढे प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास म्हणतो, पण तिथवर कोण वाचतं!

याकोबासमोर माणसंच वेगळी. अंगावर कपडा नाही, पोटाला नाही अशा भावाला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारी. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि कापतात, असं तो त्यांना ऐकवतो. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याला दोघंही साक्षीला बोलावतात. पौल सुंतेच्या आधीच्या विश्वासावर बोट ठेवतो, याकोब त्याने बळी द्यायला वेदीवर ठेवलेल्या मुलावर, इसहाकावर. ल्यूथरसारखा धर्मसुधारक १५२२ साली याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हणून बसला, तेव्हा तू गोंधळलास यात नवल नाही. पण पत्र पुरं वाच रे.

मी एवढा का चिडतो, तेही ऐक. धाकटा भाऊ प्यायचा, मंडळीत येणं सोडलं होतं. एका संध्याकाळी मुलीच्या फीसाठी पैसे मागायला आला. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि दारात चपला घालताना त्याला ऐकवलं, "क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे." तो काही बोलला नाही. उलटी पडलेली एक चप्पल पायाने सरळ केली आणि गेला.

बारा वर्षांनी एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघत याकोब सलग वाचला. पाचच अध्याय, वीस मिनिटं. ते वचन त्याच्यासाठी नव्हतंच. पैसे तेव्हा माझ्याकडेही नव्हते. म्हणजे होते, पण छप्पर गळत होतं, आणि तो ते गुत्त्यातच घालवणार असं सगळेच म्हणत होते. अजूनही मला ते अगदीच चूक वाटत नाही. पण वचन का फेकलं मी?

तेव्हा आधी गलतीकरांस. सहा अध्याय, मध्ये फोन बघायचा नाही. मग याकोब. मग ये, रोमकरांस बरोबर बसून वाचू. ते लांब आहे.

धाकट्याला मी तीनदा पत्र लिहायला घेतलं. तिन्ही वेळा दुसऱ्याच ओळीत वचन आलं, आणि कागद फाडला.

तुझा,
काका