‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य कोणाचं?

प्रश्न : मी कराड तालुक्यात राहते. दोन वर्षांपासून एका चेन मार्केटिंग कंपनीची उत्पादनं विकते. शेजारच्या काकूंनी (वय 61, डायबेटिस) माझ्याकडून शुगरच्या पावडरीचे दोन डबे घेतले. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. तिसऱ्या आठवड्यात पहाटे त्या बेशुद्ध सापडल्या, शुगर 38 वर आली होती. चार दिवस दवाखान्यात काढून आता बऱ्या आहेत. त्यांच्या मुलाने वकिलामार्फत कंपनीला आणि मला नोटीस पाठवून 4 लाख मागितलेत. माझी अपलाइन (जिने मला कंपनीत जोडलं ती) म्हणते, काकूंना पाठवलेला मेसेज डिलीट कर, उरलेला माल परत पाठव, बाकी कंपनी बघेल. मी काय करू? पोलीस केस होईल का?

उत्तर : ताई, आधी अपलाइनचं बोलणं बाजूला ठेवा. मेसेज डिलीट करू नका, माल परत पाठवू नका. पुराव्यात लागू शकणारा मजकूर मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय काकूंच्या मोबाईलमध्ये तो मेसेज आहेच. तुमच्याकडून पुसला गेला, तर फक्त तुम्ही लपवलंत एवढंच दिसेल.

तुम्ही पाठवलेले डब्याचे फोटो मी नीट पाहिले. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, ‘हेल्थ सप्लिमेंट’ असं छापलंय आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असंही आहे. आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक मात्र कुठेच नाही. म्हणजे पुढे गुडमार, कारलं, जांभूळबी यांची चित्रं असली, तरी कायद्याच्या लेखी ही पावडर अन्नात मोडते. तिला अन्नसुरक्षा कायदा 2006 लागू होतो. अशा उत्पादनाला ‘आजार बरा करतो’ असा दावा करायची मुभाच नाही. तुम्हाला ती ‘औषध’ म्हणून विकायला शिकवलं, तिथेच पहिली फसवणूक झाली, आणि ती तुमचीसुद्धा झाली.

आता तुमचा मेसेज. वरचं रंगीत पोस्टर कंपनीच्या ग्रुपवरून आलेलं, तसंच पुढे ढकललेलं आहे. पण खाली तुम्ही स्वतः टाईप केलंय : ‘काकू, बिनधास्त घ्या, गोळीबरोबर चालते, आयुर्वेदिक आहे, काही होत नाही. माझ्या सासूबाईंची गोळी सुटली.’ सगळं प्रकरण या ओळींवर फिरणार आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 86 नुसार, माल स्वतः न बनवणारा विक्रेता काही ठराविक कारणांनीच जबाबदार धरला जातो. त्यातलं एक कारण म्हणजे, उत्पादकाने न दिलेली हमी त्याने स्वतःच्या तोंडाने दिली आणि माल त्या हमीला उतरला नाही. ‘गोळीबरोबर चालते’ ही डब्यावर नसलेली हमी तुमची आहे. सासूबाईंचा अनुभव खरा असेल, मला शंका नाही. पण त्यांच्या शरीरावरून काकूंना हमी देता येत नाही.

मधुमेहाचं नाव 1954 च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टातही आहे. तो बरा होतो अशी जाहिरात करायला बंदी आहे, आणि ‘जाहिरात’ या शब्दात तोंडी सांगणंही येतं. हा गुन्हा दखलपात्र आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ‘पोलीस येणारच नाहीत’ असं मी म्हणणार नाही. मात्र नोटिशीत सध्या फक्त भरपाईची मागणी आहे, आणि तुम्ही सरळ वागलात तर ती तिथेच राहण्याची शक्यता जास्त आहे.

तुमची बाजूही कमकुवत नाही. डिसेंबर 2021 मध्ये आलेल्या डायरेक्ट सेलिंग (तुमच्या कंपनीसारखी विक्रेत्यांमार्फत थेट विक्री) नियमांनुसार, विक्रेत्यांनी विकलेल्या मालाबद्दलच्या तक्रारींना कंपनी जबाबदार असते. तिला हात वर करता येणार नाहीत. तुमच्याशी केलेला लेखी करार, मालाची बिलं आणि ते पोस्टर ज्या ग्रुपवरून आलं त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट, हे आजच काढून ठेवा.

आणि तो उरलेला माल! त्यात काकूंना दिलेल्या बॅचचे तीन सीलबंद डबे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते जिवापाड सांभाळा. मधुमेहाच्या ‘वनौषधी’ चूर्णात ग्लिबेनक्लामाइडसारखं शुगर उतरवणारं ॲलोपॅथीचं औषध गुपचूप मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत. या डब्यात तसं आहेच असं मी म्हणत नाही. पण डॉक्टरांची गोळी चालू असताना शुगर अचानक 38 वर येते, तेव्हा हा प्रश्न विचारावाच लागतो. ग्राहक आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. भेसळ निघाली तर दोषाचा मोठा वाटा उत्पादकाकडे जातो. अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 वर फोन करून बॅच क्रमांकासह तक्रार तुम्हीच नोंदवा, कोणाची वाट पाहू नका.

नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका. उत्तर वकिलाकडून जाऊ दे. त्यात खोटं काही नको. ‘मी असं म्हणालेच नाही’ हे तर नकोच. मुलगा आयोगात जाणार नाही अशा भरवशावर राहू नका. तिथली फी भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, मालाच्या किमतीवर ठरते. दोन डब्यांच्या किमतीवर ती शून्य आहे, आणि घटनेपासून दोन वर्षं मुदत आहे. आयोगाची नोटीस आली, तर उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय.

काकूंना भेटायला जा. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर त्यांची सही मागायला किंवा त्यांच्याकडचा डबा परत आणायला नको, नुसतं भेटायला. शेजार तुटला की खटले वाढतात, हे मी सातारच्या कोर्टात रोज बघते.

आणखी एक काम आजच करा. ही पावडर आणखी अकरा घरांत गेली आहे, असं तुमच्या वहीत दिसतंय. त्या प्रत्येकीला फोन करा आणि मागोमाग हा मेसेज पाठवा : ‘पावडर आजपासून थांबवा. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. शुगर लगेच तपासून घ्या, पावडर बंद केल्यावर ती वरही जाऊ शकते. डॉक्टरांना डबा दाखवा. डबा फेकू नका.’