‘आता परत जायची वेळ येणार नाही’

प्रश्न : वडील 68 वर्षांचे, मधुमेही. हार्ट फेल्युअरमुळे (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी झाल्याने) रात्री दम लागला, अ‍ॅम्ब्युलन्सने न्यावं लागलं. सहा दिवसांनी घरी आले. चार महिन्यांपूर्वीही एकदा कॅज्युअल्टीत नेलं होतं. ते म्हणतात, ‘मी ठणठणीत आहे, आता परत जायची वेळ येणार नाही.’ आम्ही निर्धास्त राहावं का? (सातारा)

उत्तर : नाही. वडील आज दम लागतोय की नाही एवढंच पाहून बोलताहेत. शिरेतून औषध देऊन अंगातलं पाणी काढलं, म्हणून हलकं वाटतं. ते पुन्हा साठू लागलं तरी पहिले काही दिवस कळत नाही.

कॅनडात 2010 साली ‘लेस’ नावाची गुणपद्धत मांडली गेली. डिस्चार्जनंतर 30 दिवसांत मृत्यूचा किंवा अचानक पुन्हा दाखल होण्याचा धोका ती मोजते. तुमचे आकडे घालू : सहा दिवस मुक्काम 4, तातडीची भरती 3, हार्ट फेल्युअर 2, मधुमेह 1 (किडनी, डोळे शाबूत असतील तर), गेल्या सहा महिन्यांतली कॅज्युअल्टीची एक फेरी 1. एकूण 11. दहा किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. ‘कसं वाटतंय’ याला यात एकही गुण नाही.

साठणारं पाणी वजनात दिसतं. म्हणून रोज सकाळी लघवी करून, चहाआधी, तशाच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. घरी आल्यावर पहिल्या सकाळचा आकडा हा पाया. दवाखान्याच्या काट्याशी तुलना करू नका. तीन दिवसांत 2 किलोहून जास्त वाढलं तर दम लागायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. झोपताना नेहमीपेक्षा एक उशी जास्त लागू लागली तरीही. आडवं पडताच गुदमरलं तर मात्र थेट दवाखाना.

माणसं परत येतात ती बहुधा साध्या चुकांमुळे. लग्नाला एसटीने जायचं म्हणून लघवीची (अंगातलं पाणी काढणारी) गोळी टाळली जाते. गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणलं जातं. ही दुखण्यावरची औषधं मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात. घरातल्या जुन्या स्ट्रिपमधलं तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने डिस्चार्ज कार्डावर असतं आणि दोन्ही घेतली जातात. जुन्या गोळ्यांची पिशवी पहिल्या तपासणीला न्याच. ती तपासणी 7 ते 14 दिवसांत व्हायला हवी.

दिवसाचं मीठ एक सपाट चमचा, साधारण 5 ग्रॅम, तेही लोणचं, पापड, फरसाण धरून. ‘कमी सोडियम’चं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक वाढतं.

प्रश्न : आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. डिस्चार्ज व्हायच्या आधीच म्हणते, ‘आठवड्यात परत यावंच लागणार.’ मनाचे खेळ म्हणून सोडून द्यावं का?

उत्तर : सोडू नका. ‘मी बरी आहे’वर आम्ही फार विसंबत नाही, पण ‘घरी जमणार नाही’ हे गांभीर्याने घेतो. ‘कशामुळे वाटतं?’ एवढंच विचारा. बऱ्याचदा पंप (इनहेलर) नीट ओढता येत नाही, एवढंच निघतं. घरी नेण्याआधी नर्ससमोर तिला करून दाखवू द्या : पंप हलवायचा, स्पेसरला (पंपापुढे जोडायच्या पोकळ नळीला) लावायचा, पूर्ण श्वास सोडायचा, एकदा दाबून हळू आत ओढायचं, 10 सेकंद रोखायचं. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवूनच.